पडद्यामागचा रंगमंच : सांगलीतल्या एका बंद टॉकीजचं प्रकरण

सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर पाच नावं, त्यातले तिघे हयात आणि तिघांची तीन मतं. थोरल्या भावाला टॉकीज विकायचं होतं. धाकट्याला ते पुन्हा चालू करायचं होतं. आत्याबाईंचं म्हणणं एवढंच, की काय करायचं ते माझ्या डोळ्यांदेखत करा. इमारत सांगलीच्या जुन्या पेठेतली. नाव मालकांच्या सांगण्यावरून देत नाही. सिनेमा बंद होऊन बरीच वर्षं झाली, रस्त्याकडेचे दुकानगाळे तेवढे चालू आहेत आणि जागेवर व्यापारी संकुल बांधायचा एका बिल्डरचा प्रस्ताव कपाटात पडून होता. जुन्या वाड्यांच्या, देवळांच्या दुरुस्तीची कामं मी करतो, म्हणून मला बोलावणं आलं. मागणी साधी होती : दुरुस्तीला किती खर्च येईल ते सांगा. आकडा झेपणारा निघाला तर ठेवू, नाहीतर विकू.

असा आकडा देता येत नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. दुरुस्ती कशासाठी, हे ठरल्याशिवाय खर्च निघत नाही. सहाशेच्या घरात खुर्च्या असलेलं सिनेमागृह म्हणून उभं करायचं तर एक हिशेब, नाटक-गाण्यासाठी करायचं तर दुसरा, आणि नुसतं दर्शनी रूप सजवायचं तर तिसरा. हा तिसरा हिशेब लोकांना फार आवडतो. शिवाय ही इमारत मुळात काय आहे, हेच घरात कुणाला धड माहीत नव्हतं. ‘आजोबांनी टॉकीज काढलं’, एवढ्यावर सगळ्यांची गाडी थांबायची.

पडद्याच्या मागं

पडद्यामागं जायला डाव्या अंगाला एक बुटका दरवाजा आहे. सिनेमाच्या पडद्याला बारीक भोकं असतात, आवाज त्यातून प्रेक्षकांकडे येतो, म्हणून स्पीकर पडद्यामागं ठेवतात. तेवढ्यासाठी चार-पाच फूट जागा भरपूर झाली. इथं बॅटरी मारली तर मागची भिंत कितीतरी लांब. पायाखाली सागवानी फळ्या, प्रेक्षकांच्या बाजूला किंचित उतरत्या. मध्यावर चौकोनी झाकण; उचललं तर खाली माणूस उतरेल एवढी पोकळी. वर तुळयांना ओळीनं कप्प्या, त्यातल्या दोघींत कुजलेला दोर अजून अडकलेला. उजवीकडं भलामोठा दरवाजा विटांनी बुजवलेला. पडद्यापुढं सिमेंटची एक पट्टी होती, ती हातोडीनं ठोकल्यावर पोकळ वाजली. नंतर फोडून पाहिली तेव्हा खाली वादकांची बैठक निघाली.

हे टॉकीज नाटकाचं थिएटर म्हणून जन्माला आलं होतं. सिनेमा मागाहून आला आणि रंगमंचाच्या तोंडावर पडदा ताणून बसला.

सांगलीत याचं नवल वाटायचं कारण नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तो इथंच. नाटककार देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. पलीकडं मिरजेत १९०५ साली किर्लोस्कर मंडळींच्या रंगमंचावर बालगंधर्व पहिल्यांदा उभे राहिले. या पट्ट्यात पैसेवाल्यानं करमणुकीची इमारत बांधायची म्हटल्यावर नाटकाचंच थिएटर बांधलं असणार. मग १९३१ साली बोलपट आला आणि काही वर्षांत नाटक कंपन्यांची धूळधाण झाली. मास्टर दीनानाथांसारखा माणूसही सिनेमाच्या मागं लागला. त्यांनी सांगलीत बलवंत पिक्चर्स काढली आणि त्यात पैसा घालवून बसले. थिएटरमालकांनी त्या मानानं शहाणपणा केला म्हणायचा. त्यांनी सिनेमा काढला नाही, नुसता दाखवला.

इमारतीचं नेमकं साल सांगणारा कागद घरात सापडला नाही. छताच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लोखंडी त्रिकोणी चौकटी, रिव्हेट मारून जोडलेल्या आहेत, वेल्डिंग कुठंच नाही, आणि बाल्कनी तोलणाऱ्या लोखंडी तुळईवर ‘डॉर्मन लाँग’ या इंग्लंडमधल्या कारखान्याचा छाप उठून दिसतो. त्यावरून स्वातंत्र्याच्या आधीचा काळ धरायला हरकत नाही. त्यापुढं मी गेलो नाही. धाकट्या भावाला दर्शनी भागावर साल कोरायची फार हौस होती. तो बेत तिथंच थांबवला.

केबिन

बाल्कनीच्या मागं प्रोजेक्टरची केबिन. भिंतीत चौकोनी झरोके, प्रत्येकावर लोखंडी झडप, झडपा एका तारेला बांधलेल्या. तार सुटली की सगळ्या एकदम खाली. जुनी फिल्म नायट्रेटची असायची. ती पेटली तर पाण्यानंही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. म्हणून केबिनची आग केबिनमध्येच कोंडायची आणि ऑपरेटरनं मागच्या स्वतंत्र दारानं बाहेर पळायचं, अशी ती रचना. पन्नाशीच्या दशकात सहज न पेटणारी फिल्म सगळीकडं आली, तरी झडपा राहिल्या. छतातून वर गेलेला पत्र्याचा धुराडाही राहिला. तो कार्बनच्या धुरासाठी.

कार्बनचं काम पाहिलेले ऑपरेटर आता थोडे उरलेत. या टॉकीजचे जुने ऑपरेटर, पेठेत सगळे त्यांना मामा म्हणतात, दोन वेळा जिना चढून वर आले. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर, मध्ये डीसी करंटची ठिणगी, तिचाच पांढराशुभ्र उजेड. कांड्या जळून आखूड होतात, मधलं अंतर वाढतं, म्हणून मुठीनं त्या सतत पुढं सारायच्या.

“कार्बनकडं बघत ऱ्हावं लागायचं वो. डोळा हटला की पडदा पिवळा. पडदा पिवळा झाला की खालनं शिट्ट्या,” मामा म्हणाले. कांड्यांवर तांब्याचा मुलामा असायचा. तो वितळून खालच्या ट्रेमध्ये थेंब पडायचे. ते तांबं साठवून मोडीत विकायचं, ही ऑपरेटरची वरकमाई. मालकांना हे माहीत होतं का, असं विचारल्यावर मामा धाकट्या भावाकडं बघून नुसते हसले.

दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं, म्हणून दोन मशीन. पहिल्यावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो, तेव्हा दुसऱ्याची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, त्यावर बदल. प्रिंट कमी असल्या की दोन थिएटरांत मिळून एकच प्रिंट चालायची. दुसऱ्या थिएटरात शो आधी लावायचा, सुटलेली रिळं पेटीत घालून सायकलवरनं इकडं आणायची. सायकलवाला अडकला तर इथं मध्यंतर लांबायचं आणि कँटीनवाल्याची चांदी व्हायची.

हा मजकूर मी अहवालात घातला तेव्हा थोरल्या भावानं विचारलं, “याचा खर्चाशी काय संबंध?” संबंध होता. धाकट्याच्या डोक्यात दोन्ही जुनी मशीन दुरुस्त करून त्यांवर सिनेमा दाखवायचा होता. आता सिनेमा फिल्मवर येतच नाही. हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहावरून येतो, सर्व्हरमध्ये चढतो आणि ठरलेल्या मुदतीची डिजिटल किल्ली आल्याशिवाय उघडत नाही. तेव्हा कार्बनची मशीन जागेवर ठेवायची, पुसून-तेल देऊन, बघायला. डिजिटल प्रोजेक्टरला एकच झरोका पुरतो. केबिनचा खर्च एवढ्या एका निर्णयानं कितीतरी खाली आला.

पाणी

आता मुख्य विषय. सांगलीत इमारत जुनी असो की नवी, आधी विचारायचं : कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं? आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर. २०२१ ला पुन्हा पूर आला. या टॉकीजमध्ये २०१९ चं पाणी स्टॉलच्या, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या खुर्च्यांच्या, मधल्या रांगांपर्यंत चढलं होतं. जमीन पडद्याकडं उतरती, त्यामुळं पुढच्या रांगा आणि रंगमंचाखालची पोकळी कितीतरी दिवस भरलेली राहिली. भिंतीवर रेघ अजून स्पष्ट आहे.

पाहणीत उलटंच चित्र दिसलं. सगळ्यात जास्त नुकसान जुन्या कामाचं नव्हतं, मागाहून केलेल्या ‘सुधारणां’चं होतं. मूळ भिंती विटांच्या, चुन्यात बांधलेल्या, चुन्याचाच गिलावा. मधल्या काळात कधीतरी खालच्या चार-पाच फुटांवर सिमेंटचा गिलावा चढवला आणि वर ऑइलपेंट मारला. चुन्याची भिंत ओल घेते आणि वाऱ्यावर सोडून देते. सिमेंट-ऑइलपेंटनं ती वाट बंद केली. पुराचं पाणी विटांत शिरलं, बाहेर पडायला जागा मिळेना, ते वर चढत राहिलं आणि सिमेंट जिथं संपतं त्याच्यावर लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा थर, फुटला. हात लावला की विटेचं पीठ पडतं. जिथं जुना चुना उघडा राहिला होता तिथं रेघेच्या खालीसुद्धा भिंत कोरडी आणि टणक.

दुसरी सुधारणा भिंतीवरच्या तक्त्यांची. नाटकाच्या थिएटरात आवाज घुमायला हवा, माइकशिवाय गायचं असायचं. बोलपटाला तीच घुमणी मारक, शब्द एकमेकांवर चढतात. म्हणून बाजूच्या भिंतींवर आवाज शोषणारे तक्ते ठोकले. सेलोटेक्स जातीचे हे तक्ते उसाच्या चिपाडाचे असतात. साखर कारखान्यांच्या मुलखात चिपाड असं भिंतीवरही जाऊन बसलं. पाण्यानं ते फुगले आणि त्यांच्यामागं बुरशीची पूर्ण बाग तयार झाली.

सागवानी रंगमंचाला मात्र फारसं काही झालं नव्हतं. चार फळ्या वाकल्या होत्या, बस्स. सागवान पाण्याला भीत नाही, त्याला नंतर वारा लागतो, आणि तो त्या बुजवलेल्या दरवाज्याच्या फटींतून मिळत राहिला.

माझी शिफारस अशी होती, की पाणी येणारच हे धरून काम करायचं. सिमेंट पूर्ण खरवडून काढायचं, भिंती दोन उन्हाळे उघड्या ठेवायच्या, मग चुना-सुरखीचा (सुरखी म्हणजे विटांची पूड) गिलावा. विजेचं पॅनेल तळमजल्यावरून उचलून पहिल्या मजल्यावर. खुर्च्या जमिनीत कायमच्या न गाडता रांगेरांगेनं सुटणाऱ्या. कोयनेतून विसर्ग वाढला आणि आयर्विनचे आकडे चढायला लागले की सांगलीकराला तयारीला वेळ मिळतो. तेवढ्या वेळात माणसं लावून खुर्च्या बाल्कनीत चढवता आल्या पाहिजेत. दोन उन्हाळे म्हटल्यावर धाकट्याचा चेहरा पडला. तो दिवाळीत उद्घाटन धरून बसला होता.

‘त्यांनी केलं, आपण का नाही?’

धाकट्याच्या मोबाइलमध्ये मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचे फोटो होते आणि प्रत्येक बैठकीत ते निघायचे. म्हणून ते प्रकरण त्याच्यासमोर नीट मांडलं.

मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी उभारलेलं हे थिएटर. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा बांधकाम पुरं व्हायचं होतं. दीनानाथ, बालगंधर्व, पृथ्वीराज कपूर तिथं उभे राहिले. तिथंही पुढं सिनेमा शिरला आणि १९३५ च्या सुमारास ते पुरतं सिनेमागृह झालं; म्हणजे आपल्या टॉकीजचीच कथा, झुंबरं लावून. १९५२ साली गोंडलच्या राजघराण्यानं ते घेतलं. १९९३ ला बंद पडलं. २००८ च्या सुमारास वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडं काम आलं आणि पडदा पुन्हा उघडला तो २०१६ च्या ऑक्टोबरात. पुढच्या वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला.

फोटोत सोनेरी नक्षी दिसते. तिथं आधी हात लागला तो इमारतीच्या बळकटीला आणि गळक्या छताला, हे फोटोत दिसत नाही. मालक एकच घराणं होतं, त्याला ती इमारत विकून पोट भरायचं नव्हतं, आणि आठ वर्षं दम धरायची त्याची तयारी होती. आमच्याकडं तीन मालक, आणि त्यातला एक दर महिन्याला बिल्डरचा फोन घेतो. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : पुन्हा उघडल्यावर ते रोज चार खेळांचं सिनेमागृह झालं नाही. संगीत, नाटक, महोत्सव, समारंभ, मधूनच सिनेमा. बाहेरून बरोक, म्हणजे नक्षीदार युरोपीय शैलीचा, महाल परत आणला. आतला धंदा मात्र जुना परत आणला नाही.

याच्या उलट वाट मुंबईतच इरॉसची. १९३८ चं ते चित्रपटगृह बंद पडून २०२४ साली आयमॅक्स म्हणून उघडलं. त्याला मागं साखळी कंपनी लागते आणि समोर चर्चगेट स्टेशन लागतं. आपल्याकडं दोन्ही नाही.

हिशेब

विकण्याचा पर्याय वाटतो तितका सोपा नव्हता. चित्रपटगृह पाडून नवं बांधताना त्यात लहान का होईना चित्रपटगृह ठेवण्याची अट आपल्याकडं आहे. ती काढा म्हणून मालकांच्या संघटना बरीच वर्षं मागणी करताहेत. बिल्डरच्या प्रस्तावात या अटीचा उल्लेखच नव्हता. हे दाखवून दिल्यावर थोरल्याचा विकायचा जोर निम्मा झाला.

नुसता सिनेमा चालवायचा तर तिकिटाच्या पैशातून जीएसटी जातो, उरलेल्यातला मोठा वाटा वितरक नेतो, आणि मोठा सिनेमा आधी मल्टिप्लेक्सला मिळतो. मंगळवारी दुपारच्या शोला किती माणसं येतील, असं मी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी यायची, हळदीच्या सौद्याला आलेली. आता सौदा झाला की गाडीत बसून घरी जातात.” मला वाटतं, सगळ्या अहवालात याहून नेमकं वाक्य नव्हतं.

मग खुर्च्या कमी करायचं ठरलं. स्टॉलमध्ये तीनशेच्या आसपास, ऐसपैस. सांगलीत मोठ्या नाटकांना भावे नाट्यमंदिर आहे. त्याच्याशी स्पर्धा कशाला? कमी आहे ती मधल्या आकाराची जागा : प्रायोगिक नाटक, एकांकिका, गाण्याची बैठक, शाळांची स्नेहसंमेलनं, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस सिनेमा. यासाठी पडदा रोलरवर घेतला, वर गुंडाळला की मागचा रंगमंच मोकळा. स्पीकर चाकांच्या चौकटीवर. बुजवलेला दरवाजा उघडला, कारण नाटकाचा सेट प्रेक्षकांच्या दारातून आत न्यायचा म्हणजे रोज एक खुर्ची मोडायची.

आवाजाचा घोळ राहत होता. सिनेमाला घुमणी अगदी कमी लागते, नाटकाच्या बोलण्याला सुमारे एक सेकंद चालते, गाण्याला त्याहून जास्त बरी वाटते. तक्ते काढल्यावर रिकाम्या सभागृहात टाळी वाजवली तर ती किती तरी वेळ फिरत राहायची. बाजूच्या भिंतींना जाड दुपदरी पडदे लावले, सरकते. सिनेमाला पूर्ण ओढायचे, नाटकाला निम्मे, गाण्याला सोडून द्यायचे. नवे तक्ते ठोकण्यापेक्षा स्वस्त, आणि पूर आला तर काढून वर नेता येतात.

बाल्कनीवर सगळ्यात जास्त वाद झाला. वर चढायला लाकडी जिना एकच, तोही अरुंद. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसं गेली, त्यात बाल्कनीतल्या जादा खुर्च्यांनी अडवलेल्या वाटेचा मोठा हात होता. ट्रान्सफॉर्मरची आग खाली लागली होती, धूर वर गेला. धाकट्याचं म्हणणं, बाल्कनी हीच टॉकीजची शान आहे, तीच बंद ठेवायची तर काय उरलं? मी सांगितलं, दुसरा जिना होईपर्यंत वर एकही प्रेक्षक नाही. यावर थोरला पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलला. कारण वेगळं होतं, त्याला जिन्याचा खर्च पुढं ढकलायचा होता. पण मत पडलं.

सध्या छताचे पत्रे बदलले आहेत, कैच्यांचा गंज घासून रंग दिला आहे, पॅनेल वर गेलं आहे. भिंती एक उन्हाळा उघड्या राहिल्या, दुसरा जायचा आहे. गिलावा व्हायच्या आधीच धाकट्यानं उघड्या विटांच्या सभागृहात गाण्याची एक बैठक ठेवली, खाली सतरंज्या टाकून. दुकानगाळ्यांचं भाडं नव्या करारानं वाढवलं असून त्यातूनच कामाचे टप्पे भागवले जातात. कर्ज काढायला आत्याबाईंनी सही दिली नाही. सिनेमाच्या परवान्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात दिला आहे. मागच्या बाजूच्या लोखंडी जिन्याचा नकाशा मंजुरीला गेला आहे. ती मिळाली की पावसाळ्यानंतर पाया खणायचा, आणि पाया काळ्या मातीत असल्यानं मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागणार आहे.